सुरतेचे रस्ते आणि पायी चालणारा माणूस

शहराचा इतिहास बहुधा त्याच्या तटांवरून, देवालयांवरून, राजवाड्यांवरून लिहिला जातो. ज्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे चालत आली, त्या रस्त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः शहराचा स्वभाव जितका रस्त्यात उमटतो तितका तो इतर कशातही उमटत नाही. कोणासाठी वाट सोडायची, कोणाला बाजूला सारायचे, कोणी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे, हे त्या शहराने कधी तरी ठरविलेले असते. आणि तो निर्णय दगडामातीत कायमचा लिहिलेला असतो. या दृष्टीने पाहण्याजोगी जी थोडी शहरे पश्चिम भारतात आहेत, त्यांत सुरतेचे स्थान वरचे आहे.

मराठी माणसाच्या मनात सुरतेचे नाव १६६४ सालाशी जोडलेले आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले तेव्हा मोगल साम्राज्याच्या या श्रीमंत बंदराला तापीकाठचा किल्ला होता, परंतु शहराभोवती भक्कम तट नव्हता. त्या स्वारीनंतर औरंगजेबाने विटांचा तट बांधण्याचा हुकूम दिला. पुढे वस्ती त्या तटाबाहेर पसरली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तिच्याभोवती दुसरा तट उभा राहिला. आतल्या तटास शहरपनाह आणि बाहेरच्या तटास आलमपनाह असे म्हणत. आज या तटांचे फारसे काही उरलेले नाही. पण रस्त्यांनी त्यांची आठवण ठेवली आहे. सुरतेच्या रिंग रोडवरून जाणाऱ्यास अठवा गेट, मजुरा गेट, उधना दरवाजा, मान दरवाजा, सहारा दरवाजा अशी नावे ओळीने भेटतात. दरवाजे गेले, नावे उरली. एके काळी शहर जेथे संपत असे, तेथेच आज त्याची सर्वांत गजबजलेली वाहतूक वाहते.

शहराच्या मध्यभागी भागळ नावाचा चौक आहे. गुजरातीत भागळ म्हणजे वेस. येथील एका ठिकाणाचे जुने नाव बुऱ्हाणपुरी भागळ असे असून, ते खानदेशच्या वाटेची खूण आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या मार्गाचे टप्पे नोंदविले आहेत. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे आणि मग बऱ्हाणपूर असा तो रस्ता होता. कापूस, नीळ आणि कापड यांनी लादलेले बैलांचे तांडे याच वाटेने तापीच्या खोऱ्यातून खाली उतरत आणि वेशीतून सुरतेच्या बाजारात शिरत. सुरत आणि खानदेश यांचा संबंध असा रस्त्याने जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेने तो लोखंडात पक्का केला. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज जी मोठी मराठी वस्ती आहे, तिचे मूळ या जुन्या वाटेतच शोधावे लागते.

त्या काळचे सुरतेचे रस्ते कसे होते? १६६६ साली सुरतेस आलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशाला ते रुंद व सपाट दिसले. मात्र कोठेही फरसबंदी नव्हती. १६८९ साली आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याला काही रस्ते फार अरुंद वाटले, आणि सायंकाळी बाजारपेठेत होणारी गर्दी पाहून लंडनमध्येही इतकी दाटी नसेल असे त्याच्या मनात आले. दोघांच्या साक्षी परस्परविरोधी वाटतात. पण एक गोष्ट दोन्हींतून निघते. रस्ता त्या वेळी केवळ जाण्यायेण्याची जागा नव्हता. तो बाजार होता, बैठक होती, मुलांचे अंगण होते आणि मिरवणुकीचे मैदानही होता. पांढऱ्या शुभ्र बैलांच्या गाड्या, पालख्या, घोडे, हमाल, फेरीवाले आणि पायी चालणारे हजारो लोक एकाच वाटेवर एकमेकांना सांभाळून घेत चालत.

हे सारे सुखाचे होते असे मात्र समजू नये. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ ही ठरलेलीच. श्रीमंतांच्या पालखीपुढे प्यादे वाट मोकळी करीत धावत, आणि वाट मोकळी करणे गरिबाच्याच वाट्यास येई. तरीही त्या रस्त्यात एक गुण होता. तेथील सर्वांची गती जवळजवळ सारखी होती. बैलगाडी आणि पादचारी यांच्या वेगात फारसे अंतर नसल्यामुळे धक्का लागला तरी तो सहसा प्राणावर बेतत नसे. शिवाय घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओटा असे. ओट्यावर बसलेली वडीलधारी माणसे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांवर सहज नजर ठेवीत. रस्त्याची सुरक्षितता कोणत्याही कायद्यात नव्हती. ती संथपणात आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत होती.

या जुन्या रचनेचा मोठा दोष उघड झाला तो १८३७ साली. त्या वर्षी २४ एप्रिलला मच्छलीपीठ भागातील एका घरात आग लागली. लाकडी घरे, कोरीव कामाचे पुढे आलेले सज्जे, खेटून उभ्या असलेल्या भिंती आणि उन्हाळ्यातील वारा. आग गल्लीतून गल्लीत पसरत गेली. नऊ हजारांहून अधिक घरे तिच्या भक्ष्यस्थानी पडली. त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला महापूर आला आणि आगीतून वाचलेल्यांचे उरलेसुरले पाण्यात गेले. अनेक कुटुंबांनी मुंबईची वाट धरली. गुजरातीचे थोर कवी नर्मद त्या वेळी अवघे तीन वर्षांचे होते. मोठेपणी १८६६ साली त्यांनी ‘सूरतनी मुखतेसर हकीकत’ या नावाने आपल्या शहराचा संक्षिप्त इतिहास लिहिला, तो ज्या सुरतेत बसून, ती अशी दोनदा उद्ध्वस्त होऊन पुन्हा उभी राहिलेली सुरत होती.

अरुंद गल्लीत आग थोपविता येत नाही, हा धडा त्या आगीने शिकविला. १८५० च्या कायद्यान्वये १८५२ साली सुरतेत नगरपालिका स्थापन झाली आणि रस्ते हा सार्वजनिक कारभाराचा विषय झाला. पुढील दशकांत थिओडोर होप या कलेक्टराच्या काळी शहरसुधारणेस जोर आला. तापीवर १८७७ साली बांधलेल्या पुलास त्याचेच नाव मिळाले होते. शाहजहानच्या काळी यात्रेकरू व व्यापारी यांच्यासाठी बांधलेल्या मुघलसराईत नगरपालिकेचे कार्यालय आले. वाटसरूंच्या विश्रांतीसाठी उभारलेल्या वास्तूतूनच शहराच्या वाटांचा कारभार चालावा, हा योगायोग मोठा सूचक आहे.

परंतु सुधारणा सर्वांच्या दारी सारख्या पोचल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरमध्ये सुरतेचे जे वर्णन आहे, त्यात दोन सुरती दिसतात. आतल्या तटामधील रस्ते बांधलेले, पाणी शिंपलेले, दोन्ही बाजूंस चांगली घरे असलेले. तर दोन तटांमधील उपनगरांतील वाटा कच्च्या, गाड्यांनी कित्येक फूट खोल खचलेल्या, पावसाळ्यात ओढे होणाऱ्या आणि उन्हाळ्यात धुळीने भरलेल्या. ज्यांच्या पायी जोडे नव्हते त्यांच्या वाट्यास हे दुसरे रस्ते आले. शहराचा पैसा कोठे जातो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर जमाखर्चाच्या वह्या चाळण्यापेक्षा त्याचे रस्ते चालून पाहावेत, हे तेव्हाही खरे होते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नगररचनेच्या विचाराला मुंबई इलाख्यात नवे वळण लागले. त्यापूर्वी १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता, आणि दाट वस्तीतून रुंद सरळ रस्ते काढणे हा त्याच्या कामाचा एक मुख्य भाग होता. त्यात हवा आली, उजेड आला. पण ज्यांची घरे पाडली त्यांपैकी पुष्कळ दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन राहिले. अशा वेळी १९१५ साली स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हे इलाख्यातील शहरे पाहण्यास आले. गुजरातेतील शहरांचीही त्यांनी पाहणी केली. त्यांचे सांगणे असे की, जुन्या शहराकडे कुशल शल्यवैद्याच्या नजरेने पाहावे. सगळे अंग कापून टाकण्याऐवजी जेवढे सडले असेल तेवढेच काढावे. एखादी पडकी भिंत हलवून गल्लीस श्वास घेऊ द्यावा. झाड, विहीर, देऊळ आणि ओटा यांना हात लावू नये. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी गल्लीतून पायी हिंडावे, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. या कायद्यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. रस्त्यासाठी एखाद्याचीच जमीन घेऊन त्याला भिकेस लावण्याऐवजी, एका भागातील सर्व जमीनमालकांची जमीन एकत्र मोजावयाची. प्रत्येकाकडून थोडा थोडा हिस्सा रस्ते, बागा, शाळा यांसाठी काढावयाचा. आणि उरलेली जमीन नीट आखून ज्याची त्याला परत द्यावयाची. जमीन थोडी कमी होते, पण रस्ता मिळाल्याने तिचे मोल वाढते. गुजरात राज्याने ही पद्धत जपली व १९७६ च्या कायद्याने पुढे चालविली. सुरतेची नवी उपनगरे याच पद्धतीने आखली गेली. इतर अनेक शहरांत रस्त्याला जागा मिळविणे हेच अवघड होऊन बसते; सुरतेच्या नव्या भागात जागा मिळाली. ती वाटली कशी गेली, हा पुढचा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यानंतर सुरतेचे रूप पालटले. जरीकामाच्या जोडीला कृत्रिम रेशमाचे माग आले, हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा आला. १९६६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. महाराष्ट्र, सौराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा अशा दूरदूरच्या भागांतून कारागीर आले. २००१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती; हद्दवाढीनंतर २०११ साली ती ४४ लाखांवर गेली. या वाढीचा भार रस्त्यांनी वाहिला. महिधरपुऱ्यातील हिरेबाजार वर्षानुवर्षे गल्लीतच भरत आला; उभ्या स्कूटरच्या गादीवर कागदाची पुडी उलगडून लाखोंचे व्यवहार होत आले. रिंग रोडवरील कापडबाजारांपुढे गठ्ठे भरलेले टेम्पो, हातगाड्या आणि डोक्यावर ओझे घेतलेले हमाल एकाच वेळी वाट काढीत असतात. ओव्हिंग्टनने पाहिलेली गर्दी तीच. फरक एवढाच की आता तिच्यात इंजिन शिरले होते.

मग १९९४ चा सप्टेंबर उजाडला. पुराचे पाणी ओसरलेले, कचरा कुजत पडलेला, आणि प्लेगची बातमी पसरली. मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती; परंतु भीतीने लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले, आणि जगभर सुरतेचे नाव घाणीचा पर्याय म्हणून घेतले जाऊ लागले. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाला अधिकार दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरविले, अतिक्रमणे हटविली, रस्ते रुंद केले. दोन वर्षांच्या आत सुरतेची गणना देशातील अत्यंत स्वच्छ शहरांत होऊ लागली. ही कामगिरी लहान नव्हे. लोकांनी रुंदीकरणात आपले ओटे व दुकानांचे दर्शनी भाग गमावले, तरी बहुसंख्यांनी ती सुधारणा आपली मानली.

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. सुरतेने आपले रूप प्रत्येक वेळी एखाद्या आपत्तीनंतर बदलले आहे. स्वारीनंतर तट आला, आगीनंतर नगरपालिका व रुंद वाटा आल्या, प्लेगनंतर स्वच्छता आली. आपत्ती मोठी होती, एकदम आली, सर्वांना दिसली. म्हणून उपाय झाला. परंतु आज शहरांच्या रस्त्यांवर जी आपत्ती आहे तिचे लक्षण नेमके उलटे आहे. ती एकेकट्याला गाठते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांहून अधिक होते, म्हणजे दर पाच मृतांमध्ये जवळजवळ एक. आणि दुचाकीवरचे ७४ हजारांहून अधिक. पन्नास मृत्यूंनी एक शहर रिकामे झाले आणि पुढे सुधारले. हजारो मृत्यूंनी मात्र कोणतेही शहर हलत नाही. कारण ते एका दिवशी, एका गल्लीत होत नाहीत. प्रत्येक मरण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत मिटते, आणि दोष बहुधा मेलेल्याच्या बेसावधपणावर जातो.

जगातील इतर देशांनाही हा विचार सहज सुचला नाही. १९६३ साली इंग्लंडमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या अहवालाने शहराला सोसेल इतकीच वाहने त्यात येऊ द्यावीत, हा मुद्दा ठामपणे मांडला. हॉलंडमध्ये १९७० नंतरच्या दशकात मुलांच्या अपघाती मृत्यूंविरुद्ध आईबाप रस्त्यावर उतरले. त्या चळवळीच्या काळातच तेथे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग वाढले आणि डेल्फ्ट शहरात मोटारीने माणसाच्या चालीने जावे अशा निवासी गल्ल्या तयार झाल्या. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने असे तत्त्व स्वीकारले की, माणूस चुकणारच. पण त्याच्या चुकीची शिक्षा मरण असू नये, अशी रस्त्याची रचना असली पाहिजे. अपघाताचा दोष केवळ माणसावर न टाकता रस्त्यावरही टाकणारा हा विचार होता. त्याच्या मागे साधे शास्त्र आहे. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या गतीने धडक बसलेला पादचारी बहुधा वाचतो. ती गती ६० झाली तर त्याची आशा फार थोडी उरते.

यावरून रस्ता बांधण्याचे नियम निघतात, आणि ते भारतातही नवीन नाहीत. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या नियमावलीत पदपथावर चालण्यासाठी निदान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट सांगितली आहे. दोन चाकखुर्च्या समोरासमोर आल्या तरी जाता यावे, असा त्या मापाचा अर्थ. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, नाही तर वृद्ध माणूस त्यावर चढण्याऐवजी खाली मोटारींच्या वाटेनेच चालू लागतो. रुंद रस्त्याच्या मध्यावर थांबण्यासाठी सुरक्षित कट्टा हवा. कोपऱ्याचे वळण फार मोकळे नसावे, म्हणजे वळणाऱ्या वाहनाला गती कमी करणे भाग पडते. अंधांसाठी पायांना कळणाऱ्या खुणांच्या फरश्या हव्यात. फेरीवाल्यास हुसकावून प्रश्न सुटत नाही. २०१४ च्या कायद्याने त्याचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा त्याची जागाही आखणीतच धरली पाहिजे. २००६ च्या राष्ट्रीय धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे ध्येय सांगितले, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. कायदा आणि शास्त्र यांचे एकमत झाले आहे. उरला आहे तो अंमल.

सुरतेने या दिशेने पावले टाकली नाहीत असे नाही. २०१४ साली तेथे बसगाड्यांसाठी राखीव मार्ग सुरू झाले, आणि काही वर्षांत त्यांची लांबी शंभर किलोमीटरच्या घरात गेली. मोटार नसलेल्या माणसाला रुंद रस्त्याचा मधला हिस्सा मिळाला, ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु थांबा रस्त्याच्या मध्यावर असल्यामुळे तेथे पोचण्यासाठी निम्मा रस्ता पायीच ओलांडावा लागतो. जेथे ओलांडण्याची वाट सुरक्षित असेल तेथे ही बस वरदान ठरते. जेथे ती नसेल तेथे बसपर्यंतची वीस पावले हाच प्रवासाचा सर्वांत धोक्याचा भाग होतो. सुरतेत लहानमोठे शंभरावर पूल आहेत आणि शहराला त्यांचा अभिमान आहे. नद्या, खाड्या आणि रूळ ओलांडणारे पूल हवेतच. पण चौकावरून उडणारा पूल वरच्या वाहनाची घाई भागवितो. खाली उभ्या असलेल्या माणसाला तो सावलीखेरीज काय देतो, हे दर वेळी विचारले पाहिजे.

जुन्या शहराची गोष्ट वेगळी आहे. गोपीपुरा, नानपुरा, महिधरपुरा येथील गल्ल्या यापुढे फार रुंद करता येणार नाहीत, आणि करण्याचे कारणही नाही. त्यांचा संथपणा हे त्यांचे संरक्षण आहे. तेथे गेडिस यांचीच रीत उपयोगी पडेल: येथे एक अडथळा हलवावा, तेथे एक झाड राखावे, वाहनांना चालीने जावयास लावावे. नव्या उपनगरांत मात्र जागेची सबब सांगता येत नाही. तेथील रस्त्याची जमीन कोणा एकाने दिलेली नाही. प्रत्येक जमीनमालकाने आपल्या तुकड्यातून थोडी थोडी काढून दिली आहे. सर्वांच्या जमिनीतून झालेल्या रस्त्यावर सर्वांना वाट मिळावी, यापेक्षा निराळा न्याय कोणता असू शकेल?

भागळच्या वेशीतून एके काळी खानदेशचे तांडे आत येत. वेशीचे काम शत्रूला अडविणे आणि वाटसरूला आत घेणे हे होते. आज वेस नाही. भल्या पहाटे पाळीवरून परतणारा मागावरचा कामगार, हातात पिशवी घेऊन निघालेली म्हातारी, दप्तर पाठीला लावलेले मूल हे आजचे वाटसरू आहेत. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून डावीउजवीकडे पाहावे, आणि जीव मुठीत न धरता पलीकडे पोचावे, एवढे ज्या दिवशी सहज घडेल, त्या दिवशी कोणतीही नवी आपत्ती न येता या शहराने आपला इतिहास एक पाऊल पुढे नेला असे म्हणता येईल.